दाजींच्या हृदयाचे दोन फोटो

मशीनमध्ये माणूस आडवा झाला की तो कोण, कुठला, किती मोठा, हे सगळं ती विसरून जायची. पुढचा तासभर तिच्या लेखी तो म्हणजे एक छाती, एक हृदय आणि आत-बाहेर करणारा एक श्वास. "हलायचं नाही, खोकायचं नाही, मनात आलं म्हणून खाजवायचं नाही," असं ती अशा काही आवाजात बजावायची, की आडवा झालेला माणूस कितीही मोठ्या हुद्द्यावरचा असो, निमूटपणे हो म्हणायचा. त्यामुळे इस्पितळात तिला नावाने कुणी हाक मारत नसे. झाडूवाल्यापासून मोठ्या डॉक्टरांपर्यंत सगळ्यांची ती 'मास्तरीण' होती.

बावीस वर्षं ती एमआरआयच्या मशीनवर होती. त्यातली अकरा नुसत्या हृदयांचे फोटो काढण्यात गेली होती. आपल्याला काय येतं आणि काय येत नाही, हे तिला चोख ठाऊक होतं, आणि जे येतं त्याबद्दल उगाच लाजणं तिच्या स्वभावात नव्हतं.

पण त्या मंगळवारी मशीनमध्ये आडवे झाले होते ते तिचे दाजी. थोरल्या बहिणीचा नवरा. दाजी सुतार होते. दारं-खिडक्यांच्या चौकटी करण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता, आणि बडबडीत तर नाहीच नाही.

तीन महिन्यांपूर्वी दाजींचं ॲब्लेशन झालं होतं. त्याचं असं झालं, की हृदयाच्या डाव्या वरच्या कप्प्यात फुप्फुसांकडून चार शिरा येऊन मिळतात, त्यांच्या तोंडाशी दाजींच्या बाबतीत चुकार वीज उठायची आणि त्यांचं हृदय वाटेल तसं धडधडायला लागायचं. मग मांडीतून बारीक नळी वर नेऊन डॉक्टरांनी त्या शिरांच्या तोंडांभोवती कड्यासारखे डाग दिले. डाग भरून आले की तिथे व्रण तयार होतो, आणि व्रणातून वीज पुढे जात नाही. कडं अखंड असेल तर चुकार वीज आतल्या आत जिरते. कड्यात फट राहिली, तर ती तिथून निसटते आणि पुन्हा गोंधळ घालते.

हे काम करणाऱ्या डॉक्टरांना सगळे 'तालाचे डॉक्टर' म्हणत, कारण हृदयाचा ताल चुकला की त्यांच्याकडे जायचं. चाळिशीही न गाठलेले, हाताला यश असलेले, आणि त्याची पुरेपूर जाणीव असलेले डॉक्टर.

तीन महिने बरे गेले. मग एका दुपारी शिडीवर चढताना दाजींच्या छातीत पुन्हा तीच फडफड झाली, आणि चार दिवसांनी परत. तालाचे डॉक्टर म्हणाले, "व्रणाचा एमआरआय काढू. कुठे फट राहिलीय ते दिसेल."

हृदयाच्या व्रणाचा असा फोटो त्या इस्पितळात मास्तरणीशिवाय दुसऱ्या कुणाला धड जमत नव्हता. त्यामुळे नात्यातला माणूस आहे म्हणून दुसऱ्याकडे सोपवायची सोय नव्हती.

"आतमध्ये रेडिओ लागतो का गं?" दाजींनी आडवं होता होता विचारलं.

"दाजी, आता तुम्ही पेशंट. तोंड बंद."

तिने छातीवर इलेक्ट्रोड चिकटवले, वरून जाळीचं आवरण ठेवलं, हातातल्या सुईला कॉन्ट्रास्टची, म्हणजे फोटोत काळं-पांढरं वेगळं उठवणाऱ्या औषधाची, नळी जोडली आणि काचेपलीकडच्या खोलीत येऊन बसली. हा फोटो म्हणजे काही बटण दाबलं की निघाला, असा नसतो. कॉन्ट्रास्ट दिल्यावर वीसेक मिनिटं थांबावं लागतं. चांगल्या स्नायूतून तो निघून जातो, व्रणात रेंगाळतो. मग मशीनला अशी एक नेमकी वेळ लावून द्यावी लागते, की चांगला स्नायू कोळशासारखा काळा दिसेल आणि व्रण तेवढा पांढरा उठेल. वर मशीन प्रत्येक ठोक्याला थोडा थोडा फोटो घेतं, आणि तोही श्वास ठरावीक उंचीवर असेल तेव्हाच. ठोके सरळ, श्वास एकसारखा, तर दहा-अकरा मिनिटांत काम होतं.

दाजींचे ठोके सरळ नव्हते. तीन नीट पडायचे, चौथा उडी मारायचा. आणि पाचव्या मिनिटाला स्पीकरमधून चक्क घोरण्याचा आवाज आला. हातातलं काम संपवायचं म्हणून दाजी आदल्या रात्री झोपलेच नव्हते, हे तिला नंतर कळलं.

"दाजी! जागे राहा."

"जागाच आहे," दाजी म्हणाले, आणि मिनिटभरात पुन्हा घोरू लागले.

झोपेत श्वास खोल गेला आणि मशीन नुसतं वाट बघत बसलं. अकरा मिनिटांचा फोटो एकोणीस मिनिटांवर गेला. तोवर कॉन्ट्रास्टही बराचसा ओसरला होता, त्यामुळे सुरुवातीला लावून दिलेली वेळ शेवटी लागू राहिली नव्हती. जो स्नायू काळा दिसायला हवा, तो कडेकडेला राखाडी झाला होता. पुन्हा घ्यावा तर त्या दिवशी दुसरा कॉन्ट्रास्ट देता येणार नव्हता.

मास्तरणीने रिवाजाप्रमाणे शेरा लिहिला. दर्जा: मध्यम. खाली दोन ओळी: ठोके अनियमित, वेळ लांबला, डाव्या वरच्या शिरेजवळ चित्र पुसट. सही केली आणि पुढचा पेशंट घेतला.

तीन दिवसांनी दुपारी थोरल्या बहिणीचा फोन आला. आवाज एकदम हलका झालेला होता.

"ऐकलंस का? सापडल्या! दोन फटी आहेत म्हणे. डॉक्टरांनी आम्हाला कॉम्प्युटरवर दाखवल्या. गुरुवारी परत आत जाऊन तेवढ्या दोनच जागा बुजवणार. तासाभराचं काम म्हणाले."

"कुठल्या फटी, ताई?"

"डावीकडच्या वरच्या शिरेपाशी. तुझ्याच फोटोत आहेत की! तुला दिसल्या नाहीत?"



जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडताच ती कन्सोलपाशी जाऊन बसली. डॉक्टरांनी बहिणीला दाखवलेलं चित्र तिने आधी उघडलं. सॉफ्टवेअर मूळ फोटोंवरून हृदयाच्या कप्प्याचं एक देखणं कवच तयार करतं, चांगला स्नायू निळा, व्रण लाल. हवं तसं फिरवून बघा. त्या कवचावर डाव्या वरच्या शिरेभोवतीचं लाल कडं दोन ठिकाणी तुटलं होतं आणि मधून निळं दिसत होतं, इतकं स्वच्छ की कुणालाही पटावं. मग तिने मूळ फोटो काढले, ज्यांत रंग नसतात, नुसता काळा, पांढरा आणि मधला करडा. त्या दोन्ही जागी राखाडी चिखल होता. तिथे फट होती असं म्हणता येत नव्हतं, आणि नव्हती असंही म्हणता येत नव्हतं. रंग चढवताना सॉफ्टवेअरने त्या चिखलाचा निळा करून टाकला होता आणि तिच्या दोन ओळी कुणी वाचल्या नव्हत्या.

तरी ती लगेच उठली नाही. आपला माणूस आहे, लोक काय म्हणतील, असा किडा डोक्यात वळवळत राहिला. त्यात शनिवार-रविवार गेला. सोमवारी सकाळी मात्र ती तालाच्या डॉक्टरांच्या खोलीच्या दारात उभी राहिली.

"डॉक्टर, गुरुवारच्या सुताराबद्दल बोलायचंय."

"तुमचे दाजी ना? बसा की. फोटो मस्त आलाय तुमचा."

"मस्त नाही आलाय. तो फोटो मी काढलाय आणि त्या दोन फटींची हमी मी देणार नाही."

डॉक्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं. "म्हणजे?"

तिने सगळं सांगितलं. घोरणं, उड्या मारणारे ठोके, एकोणीस मिनिटं, राखाडी कडा. डॉक्टर ऐकत होते, पण त्यांच्या कपाळावरची आठी काही हलली नाही.

"पेशंटला त्रास होतोय, फोटोत फटी आहेत," ते म्हणाले. "दोन्हींचा मेळ बसतोय. मास्तरीणबाई, राग मानू नका, पण नातं आड येतंय का थोडं?"

"येतंय ना," ती म्हणाली. "दाजी नसते तर मी शुक्रवारीच आले असते. नातं आहे म्हणून तीन दिवस कचरले."

डॉक्टर उठून खिडकीपाशी गेले, परत आले.

"बरं. तुमचं म्हणणं काय?"

"परत काढू. आठवडाभर थांबू, तोवर पहिला कॉन्ट्रास्ट पूर्ण गेलेला असेल. मूत्रपिंडाच्या तपासण्या त्यांच्या चांगल्या आहेत. ठोके सरळ राहतील अशी गोळी तुम्ही द्या, बाकी माझ्याकडे लागलं."

"आणि दुसऱ्या फोटोत फटी नसल्या, तर मी कुठला खरा मानायचा? पहिलाही तुमचाच, दुसराही तुमचाच."

"तेच तर," मास्तरीण म्हणाली. "एकाच माणसाचा दोनदा फोटो काढला तर दोनदा सारखाच व्रण दिसतो का, हे आपण आजवर एकदाही तपासलेलं नाही. फोटो येतो, आपण त्यावर विसंबून आत जातो. मी अकरा वर्षं काढतेय, पण मलाही ते ठाऊक नाही."

तालाचे डॉक्टर गर्विष्ठ होते, पण मूर्ख नव्हते. त्यांनी फोन उचलला आणि फोटो वाचणाऱ्या मॅडमना बोलावून घेतलं. या मॅडम हृदयाच्या एमआरआयचे अहवाल लिहायच्या. कमी बोलायच्या आणि चष्मा कायम डोक्यावर ठेवून तो सगळीकडे शोधत फिरायच्या. त्यांनी उभ्या उभ्या सगळं ऐकलं.

"काढायचा तर नीट काढू या," त्या म्हणाल्या. "दोन्ही फोटो मी आणखी काही पेशंटांच्या फोटोंत मिसळते. नाव नाही, तारीख नाही. तुम्ही तुमच्या खोलीत बसून व्रणाच्या रेघा मारायच्या, मी माझ्या. एकमेकांचं बघायचं नाही."

"परीक्षाच की ही," डॉक्टर म्हणाले.

"मग काय! आणि गुरुवारचं पुढे ढकला."

गुरुवारचं पुढे ढकललं गेलं आणि थोरल्या बहिणीचा पारा चढला. त्या संध्याकाळी मास्तरीण त्यांच्याकडे गेली, तर बहिणीने दार उघडलं आणि तशीच आत निघून गेली. दाजी बाहेरच्या खोलीत खुर्चीची मोडकी पाठ मांडीवर घेऊन पॉलिशपेपर घासत बसले होते.

"तू मशीन चालवतेस," आतून आवाज आला. "डॉक्टर ते आहेत. ते म्हणतात फट आहे, तर आहे. तुला मध्ये पडायची काय गरज होती?"

"ताई, फोटो धूसर आलाय."

"मग तेव्हाच सांगायचं ना!"

"तेव्हाच लिहिलं होतं."

"लिहिलं होतं!" बहीण हात पुसत बाहेर आली. तिचे डोळे लाल झाले होते. "रात्री यांच्या छातीवर हात ठेवून झोपते मी. ठोका चुकला की माझाच जीव वर-खाली होतो. आणि तू म्हणतेस आणखी दहा दिवस थांबा. उद्या काही झालं तर तोंड कुठे लपवशील?"

मास्तरीण बहिणीचा हात धरायला गेली, पण बहिणीने हात मागे घेतला.

दाजींनी घासणं थांबवलं. "अगं, ती म्हणतेय ते मला कळतंय. ओल्या लाकडाचं माप आहे ते. ओलं असताना चौकट मापली आणि त्यावरून दार कापलं, तर उन्हाळ्यात फट पडते ती पडतेच. चूक लाकडाची नसते, मापाची नसते. मापायची वेळ चुकलेली असते."

"तुम्ही गप्प बसा. त्या दिवशी घोरत कोण होतं?"

दाजी खाली मान घालून पुन्हा पॉलिशपेपर घासू लागले.

दुसऱ्या फोटोच्या दिवशी मास्तरणीने कशातच कसर ठेवली नाही. सकाळची पहिली वेळ घेतली. दाजी नऊ तास झोपून आले आहेत, हे बहिणीकडून फोनवर वदवून घेतलं. बहिणीने 'हो' एवढंच म्हणून फोन ठेवून दिला होता. चार दिवसांच्या गोळ्यांनी ठोके रांगेत आले होते. छातीवरची जाळी तिने पहिल्यापेक्षा दोन बोटं वर सरकवली, कारण तिला हृदयाच्या कप्प्याचा वरचा भाग हवा होता.

"आता झोप आली तर?" दाजींनी विचारलं.

"डोळे मिटा आणि मनातल्या मनात एक खिडकी करा. लाकूड निवडण्यापासून सुरू करा. घाई करायची नाही, श्वास आत्ता आहे तसाच ठेवायचा."

"एक झडप की दोन?"

"दोन. काचेची."

वीस मिनिटं थांबून तिने वेळ लावली, एक नमुना फोटो घेतला, पसंत पडला नाही म्हणून वेळ जराशी सरकवली, परत नमुना घेतला. स्नायू काळाकुट्ट. मग तिने मुख्य फोटो सुरू केला. मशीन ठकठक करत राहिलं, श्वासाची रेघ एकसारखी वर-खाली होत राहिली. दहा मिनिटं चाळीस सेकंद.

पडद्यावर पहिला काप उघडला आणि ती खुर्चीत मागे टेकली. व्रण कसा खडूने काढल्यासारखा पांढरा उठला होता. शेऱ्याच्या जागी तिने लिहिलं: उत्तम. या शब्दाची तिला सवय नव्हती. वर्षातून चार-पाच वेळाच ती तो लिहायची.

"बिजागरी राहिली," दाजी बाहेर येताना म्हणाले. "बाकी खिडकी झाली."

निकाल लागला पुढच्या सोमवारी, मॅडमच्या खोलीत. टेबलावर कागदांचे दोन गठ्ठे होते, एकावर डॉक्टरांच्या रेघा, दुसऱ्यावर मॅडमच्या. मास्तरणीला मुद्दाम बोलावलं होतं.

"आधी सुताराचा पहिला फोटो," मॅडम म्हणाल्या. "यात डॉक्टरांना डावीकडे दोन फटी दिसल्या. मला तीन. आणि माझ्या तीनपैकी एकच त्यांच्या फटीच्या जागी आहे."

"असं कसं?" डॉक्टर पुढे वाकले.

"आता दुसरा. यात आपल्या दोघांच्या रेघा जवळजवळ एकावर एक बसतात. डावीकडचं कडं अखंड. एका जागी ते जरा बारीक झालंय, एवढंच. पण उजवीकडे खालच्या शिरेपाशी बघा. इथे फट आहे. दोघांनाही दिसली."

मास्तरीण पुढे झाली. "पहिल्या फोटोत ती जागा बघता येईल?"

मॅडमनी पहिला फोटो लावला. उजवीकडे खाली, डावीकडच्या चिखलापासून दूर, तिथे चित्र बऱ्यापैकी स्वच्छ होतं. आणि तिथेही फट होती. दोघांनी ती रेघेत दाखवलीही होती, पण डावीकडच्या मोठ्या फटींपुढे तिच्याकडे कुणी लक्षच दिलं नव्हतं.

"दोन्ही फोटोंत आहे," मास्तरीण म्हणाली.

डॉक्टरांनी कागद खाली ठेवले आणि खुर्चीत मागे रेलले. मग त्यांना काहीतरी आठवलं. "मॅडम, हा सातवा फोटो कुणाचा? यात मी मारलेल्या रेघा भलत्याच जाड आहेत."

मॅडमनी डोक्यावरचा चष्मा नाकावर घेतला. चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही. "सातवा आणि बारावा एकच आहे. एकच फोटो मी दोनदा घातला होता."

डॉक्टरांनी सातवा आणि बारावा शेजारी शेजारी धरले. एकाच फोटोवर, एकाच हाताने, दोन दिवसांच्या अंतराने मारलेल्या रेघा. मोठे व्रण दोन्हींत सारखे होते, पण बारीक जागा सगळ्या इकडच्या तिकडे झाल्या होत्या.

"हे मी केलंय?" ते म्हणाले.

"तुम्हीच. माझंही फार वेगळं नाही. मी माझ्या रेघाही ताडून पाहिल्या."

मग डॉक्टर हसायला लागले, खळखळून, खांदे हलेपर्यंत, आणि त्यांच्या हसण्याने मॅडमही हसल्या. "अशा रेघांवर विसंबून मी दोन ठिकाणी डाग द्यायला निघालो होतो," ते म्हणाले आणि गंभीर झाले. "मास्तरीणबाई, आत जावं तर लागेलच. त्यांचा त्रास खरा आहे. पण आता मी फोटोवर डोळे मिटून जाणार नाही. चारही शिरांभोवती नळीने वीज मोजत जाईन. दोन तास जास्त लागले तरी चालतील."

तसंच झालं. त्या सकाळी मास्तरणीने रजा घेतली नाही. घेतली असती तर बाहेरच्या बाकावर बसून नुसते हात चोळले असते. तिने चार पेशंटांचे फोटो काढले, आणि चारही वेळा तिला घड्याळ पाहायचा मोह आवरावा लागला. बहीण वरच्या मजल्यावर एकटी बसली होती. पाचव्या पेशंटाच्या आधी मास्तरीण जिना चढून वर गेली आणि तिच्या शेजारी बसली. यावेळी हात बहिणीनेच पुढे केला.

दुपारी तालाचे डॉक्टर टोपी हातात घेऊन बाहेर आले. आधी बहिणीकडे बघून म्हणाले, "उत्तम झालं. ताल सरळ आहे, शिरांभोवतीची कडी आता अखंड आहेत. संध्याकाळी भेटा, बडबड सुरू झालीय त्यांची." बहिणीने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं आणि तिचे खांदे हलू लागले. मग डॉक्टर मास्तरणीला बाजूला घेऊन गेले.

"उजवीकडची खालची फट खरी निघाली. मुख्य गळती तिथूनच होती. तिथे डाग दिला आणि वीज थांबली."

मास्तरणीने सुस्कारा सोडला.

"थांबा. डावीकडेही एक निघाली. अगदी बारीक. तुमच्या उत्तम फोटोत नसलेली."

हे मात्र तिला झोंबलं. कुठे, कशी, किती, असे तीन प्रश्न तिने एका दमात विचारले. डॉक्टरांनी हातरुमालावर पेनाने शीर काढून जागा दाखवली. कडं जिथे बारीक झाल्यासारखं दिसत होतं, नेमकी तीच जागा होती ती. फट इतकी अरुंद, की फोटोच्या एका ठिपक्यातच मावली असती.

ती खाली आली, फोटो उघडला आणि त्या ठिपक्याकडे बघत राहिली. फोटो चांगला होता, त्यात तिची काही चूक नव्हती. पण चांगल्या फोटोलाही एवढं बारीक दिसत नाही, हे आजवर तिने कधी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण ते तिला स्वतःलाच कळलेलं नव्हतं. अर्ध्या तासाने ती मॅडमच्या खोलीत गेली.

"मॅडम, एका माणसावरून काही ठरत नाही. पंचवीस माणसं घेऊ. प्रत्येकाचे दोन फोटो, आठवड्याच्या अंतराने. रेघा तुम्ही दोघांनी मारायच्या, एकमेकांचं न बघता. मग बघू, किती जुळतं आणि किती नाही."

"पंचवीस माणसं दोनदा मशीनमध्ये जायला तयार होतील?"

"विचारून बघते. मला नाही म्हणणं लोकांना जड जातं."

तिचा अंदाज खरा ठरला. परवानग्यांचे कागद झाले, इस्पितळाच्या समितीने चार बैठका घेऊन होकार दिला आणि वर्षभरात सव्वीस माणसं झाली. एक वॉचमन, दोन शिक्षिका, एक निवृत्त टपालवाले, जे दुसऱ्या फोटोला नवा शर्ट घालून आले आणि आत गेल्यावर तो काढायला लागला म्हणून हिरमुसले. प्रत्येकाला ती आधी खरं सांगायची: या दुसऱ्या फोटोने तुमचं काही बरं होणार नाही, पुढच्याचं होईल. फक्त दोघांनी नकार दिला.

निष्कर्ष आले ते मॅडमनी हृदयाच्या डॉक्टरांच्या वार्षिक बैठकीत मांडले. समोर दोनशे डॉक्टर होते. फोटो चांगला असेल तर व्रण एकूण किती आहे आणि मोठी फट कुठे आहे, हे दोन्ही वेळा जवळजवळ सारखंच दिसतं. मध्यम फोटोत ते ढासळतं. आणि फट अगदी अरुंद असेल, तर चांगल्या फोटोतही दोनदा तीच दिसेल याचा भरवसा नाही. आकडे मॅडमनी सांगितले, पण प्रश्नोत्तरांच्या वेळी मागच्या रांगेतून एका डॉक्टरांनी विचारलं, "सरळ सांगा ना, या फोटोंवर विसंबायचं की नाही?" तेव्हा मॅडमनी माइक मास्तरणीकडे सरकवला.

एवढ्या लोकांपुढे ती आयुष्यात कधी बोलली नव्हती. पण प्रश्न तिच्या कामाचा होता.

"विसंबायचं," ती म्हणाली. "जेवढं त्याला दिसतं तेवढ्यासाठी. आणि किती दिसतं हे ज्याने फोटो काढलाय त्याला विचारायचं. तो बाहेरच बसलेला असतो."

हशा पिकला, आणि मग टाळ्याही. तालाचे डॉक्टर पहिल्या रांगेत होते. टाळ्या वाजवताना ते मागे वळून त्या डॉक्टरांकडे बघत होते.

पुढच्या रविवारी ती बहिणीकडे गेली. तोवर दाजींना वर्षात एकदाही फडफड झाली नव्हती. छातीला चिकटवायचं यंत्र लावून डॉक्टरांनी दोनदा आठवडाभराच्या नोंदी घेतल्या होत्या. त्याही स्वच्छ आल्या होत्या. दाजी मागच्या अंगणात कुणाच्या तरी दाराला रंधा मारत होते. मास्तरणीने पिशवीतून लॅपटॉप काढला.

"ताई, ये. दाखवते."

"मला काय कळतंय त्यातलं."

"ये तर."

बहीण पदराला हात पुसत शेजारी येऊन बसली. मास्तरणीने मुद्दाम रंगीत कवच उघडलं नाही, मूळ फोटो उघडला. काळ्या कप्प्याच्या कडेने पांढरी रेघ गेली होती, कुठे जाड, कुठे बारीक. बहीण पडद्याजवळ वाकली.

"हे पांढरं म्हणजे जखम?"

"जखम होती. आता भरून आलीय."

"आणि हे काळं?"

"चांगलं मांस."

"एवढंसं असतं होय," बहीण म्हणाली. तिने बोट पुढे नेलं, पडद्याला लावलं नाही, त्या रेघेवरून हवेतच हळूहळू फिरवलं. "मला वाटलं होतं केवढं तरी असेल. सदतीस वर्षं याच्याशी भांडतेय मी."

बाहेर रंध्याचा आवाज थांबला आणि दाजी ओरडले, "अगं, माझी पेन्सिल कुठे ठेवलीस?"

"कानावर बघा," बहीण पडद्यावरची नजर न काढता म्हणाली.